काळं पडलेलं बिल

शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, अमरावतीच्या तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या टपरीवर, देवानंद सिरसाटच्या डोळ्यांदेखत त्याचं एक लाख बासष्ट हजारांचं बिल काळं झालं. शाई सांडली नाही की काडी लागली नाही. टपरीवाल्यानं बिल प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांत घातलं, लॅमिनेशनच्या गरम मशीनमध्ये सरकवलं, आणि दुसऱ्या तोंडातून जे बाहेर आलं ते तव्याच्या बुडासारखं होतं. वरून प्लास्टिक मात्र चकचकीत. टपरीवाला म्हणाला, सर, दुकानाच्या मशीनमधून निघते ना हा कागद, तो गरम झाला की काळा पडते, तुमी सांगाचं नाई का. आणि लॅमिनेशनचे वीस रुपये मागून घेतले.

सांगायचं काय, देवानंदला हे चांगलं माहीत होतं. एका तंत्रनिकेतनात तो एकवीस वर्षं मेकॅनिकलच्या पोरांना शिकवत होता. असल्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेनंच अक्षरं उमटतात, हे त्यानं फळ्यावर आकृती काढून सांगितलेलं होतं. पण बिलावरची अक्षरं दोन महिन्यांत फिकी पडायला लागली, तसा तो घाबरला, आणि घाबरलेला माणूस डोक्यानं चालत नाही, सवयीनं चालतो. त्याची सवय लॅमिनेशनची.

ज्यांच्या घरात जमिनीचे उतारे आपसूक चालत येतात त्यांना ही सवय नसते. देवानंदच्या बापानं, बुधाजीनं, हिवरखेडच्या बाजारात आयुष्यभर पोती उचलली आणि पोराला एकच शिकवलं: कागद जपून ठेव, कागद नसला तं तू नाईस. म्हणून देवानंदच्या कपाटात एक फाइल होती. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नोकरीचा आदेश, बढतीचा आदेश, सगळं प्लास्टिकमध्ये बंद. पुरात बुडलं तरी ओलं होणार नाही असं. त्या फाइलीत आता घड्याळाचं बिल जायचं होतं. त्यावर छापलेलं होतं, श्री. देवानंद बुधाजी सिरसाट. बापाच्या नावासकट.

आता कोणाला घड्याळाचं बिल लागतं, असं विचारणारा माणूस सुखी समजावा.

देवानंदला घड्याळांचं वेड होतं. बारा घड्याळं होती त्याच्याकडे. अकरा साधी: चावीची एचएमटी चार, दोन जपानी, बाकीची अशीच, जुन्या बाजारातून उचलून स्वतः साफ केलेली. बारावं स्वित्झर्लंडचं. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि पेपर तपासणीचे पैसे सहा वर्षं बाजूला ठेवून, डिसेंबरात नागपूरला जाऊन घेतलेलं. बायको गीतांजली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती तेव्हा म्हणाली होती की भिंतीवर एक आहे, मोबाइलमध्ये एक आहे, स्वयंपाकघरातल्या रेडिओतही एक आहे, मग या घरात वेळ कमी पडतो कुठं. पण अडवलं नाही. सहा वर्षं तिनं त्याला ते घड्याळ मोबाइलवर पाहताना पाहिलं होतं.

घड्याळ घालून तो स्टाफरूममध्ये गेला त्या पहिल्याच दिवशी एका सहकाऱ्यानं त्याचं मनगट धरलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "दिल्लीचं काय? मलेबी आणून दे एक." सगळे हसले. देवानंदही हसला. याच सहकाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या दुसऱ्याच्या हातात खरोखर दिल्लीचं दोन हजारांचं घड्याळ होतं, तबकडीवर स्विस कंपनीचं नाव. त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याचं आडनावच बिल होतं.

दोन महिन्यांत चौघांनी विचारलं, ओरिजिनल आहे का. तेव्हापासून बिल पाकिटात आलं.

हे काही नवं नव्हतं. दहावीच्या परीक्षेला बुधाजीनं पोराला एक साधं घड्याळ घेऊन दिलं होतं. पहिल्या पेपरला वर्गावरच्या मास्तरांनी बाकाजवळ थांबून विचारलं, कोणाचं आणलं रे? पोरगं म्हणालं, माह्यं हाये. मास्तर म्हणाले, बरं बरं. त्या 'बरं बरं'चा आवाज देवानंदच्या कानात अजून होता. मराठीच्या पेपरात त्याला काय आलं होतं ते तो विसरला, ते दोन शब्द विसरला नाही.

आणि उद्या रविवार होता. उद्या अकोला होतं.

अमरावती आणि अकोल्याच्या घड्याळवेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, चाळीस-बेचाळीस माणसांचा. तीन महिन्यांतून एकदा ते अकोल्याला खुशालरावांच्या बंगल्यावर जमत. खुशालराव म्हणजे जुने जिनिंगवाले, साठीचे, घरात सत्तर घड्याळं. तिथं एक रीत होती. पितळेच्या ताटात लाल मखमल अंथरायची, ज्यानं नवं घेतलं त्यानं ते ताटात ठेवायचं, कधी, कुठं, केवढ्याला घेतलं ते सांगायचं, आणि ताट हातोहात सगळ्यांपुढून फिरायचं. साक्षगंधात पोराचं घड्याळ फिरवतात तसं. देवानंद दोन वर्षं त्या ग्रुपात होता आणि दोन वर्षं 'एचएमटीवाले सर' होता. चावीच्या घड्याळाबद्दल काही अडलं की त्याला विचारत, पण ताट त्याच्यासाठी एकदाही फिरलं नव्हतं. उद्या फिरणार होतं. त्या माणसांनी घड्याळाकडं पाहावं, मग त्याच्याकडं पाहावं, आणि काही विचारू नये, एवढंच त्याला हवं होतं. आणि विचारलंच तर बिल.

त्यानं टपरीवरूनच नागपूरच्या शोरूमला फोन लावला. तिथली पोरगी गोड बोलली. बिलाची दुसरी प्रत काढणारे साहेब सोमवारी येतील, म्हणाली.

काळा तुकडा त्यानं पाकिटात ठेवला. आणि घरी जाताना, राजापेठच्या सिग्नलला, त्याच्या मनात असं काही आलं की त्याची त्यालाच चीड आली. त्याला वाटलं, आपल्यालाच फसवलं असेल तर? शोरूमच्या काचा पाहून आपण भुललो असलो तर? बिल होतं तोवर घड्याळ खरं होतं. बिल गेलं तशी त्याची नजर पुन्हा पुन्हा तबकडीवर जाऊन तिथल्या बारीक अक्षरांत चूक शोधू लागली. चौघांनी विचारलेला प्रश्न पाचव्यानं विचारला, आणि तो पाचवा तो स्वतःच होता.

रविवारी सकाळी तो मुलीला घेऊन निघाला. खुशी बारावीची, अभ्यासाला कंटाळलेली, आणि तिला एवढंच कळलं होतं की खुशालरावांकडे जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी असते. बडनेरा मागं पडलं तसं तिनं सीट मागं टाकली आणि विचारलं की पप्पा, तुमचं हे घड्याळ टाइम तरी बरोबर दाखवते का. देवानंद खोटं बोलला नाही. म्हणाला, रोज तीन-चार सेकंद पुढं जाते. आणि दोनशे रुपयांचं सेलवालं? ते महिन्यात दहा-पंधरा सेकंद. खुशीनं मनात हिशेब केला आणि शिट्टी वाजवली.

"मग कशाले घेतलं?"

तो सांगायला लागला. यात सेल नाही, वीज नाही, मनगट हललं की आतलं अर्धगोल वजन फिरतं, स्प्रिंग भरते, एकशे तीस-चाळीस तुकडे एकमेकांना ढकलतात. माणसानं हातानं केलेली एवढी लहान आणि एवढी अचूक दुसरी गोष्ट जगात नाही. तो शिकवताना बोलतो तसा बोलत होता. खुशीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे सगळं त्या एचएमटीतबी हाये. राग नका मानू पप्पा, पण हे घातलं की तुमी टाइम पाहातच नाई. कोण पाहून राहिलं, ते पाहाता."

मूर्तिजापूर येईपर्यंत देवानंदनं शर्टाची बाही दोनदा घड्याळावर ओढली. पोरगी खरं बोलली होती, आणि सतरा वर्षांच्या पोरीनं सांगितलेलं खरं पोटात जास्त टोचतं.

गोरक्षण रोडवरच्या बंगल्यात पंधराएक माणसं जमली होती. मागच्या अंगणात गोवऱ्यांवर रोडगे भाजत होते, धूर आणि वांग्याचा वास दिवाणखान्यापर्यंत येत होता. कोपऱ्यात खिडकीपाशी एका लहान टेबलावर भगवंत बसला होता. जठारपेठेत त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. चाळीस वर्षं हेच काम. या बैठकीला त्याला बोलावत, पण खुर्चीवर गप्पा मारायला नाही. कोणाचा पट्टा बदल, कोणाचा सेल टाक. त्याला चहा मिळे तो सगळ्यांच्या नंतर.

ताट निघालं. पहिलं घड्याळ एका दातांच्या डॉक्टरचं, सव्वा दोन लाखांचं. ताट फिरलं, माणसं वा वा करत गेली. दुसरं एका तरुण व्यापाऱ्याचं, मुंबईहून कोणाकडून तरी वापरलेलं घेतलेलं. तेही फिरलं. देवानंद मोजत होता. बिल कोणी मागितलं नाही. वापरलेल्या घड्याळालाही नाही.

मग त्यानं आपलं घड्याळ मखमलीवर ठेवलं आणि सांगितलं. डिसेंबर, नागपूर, एक लाख बासष्ट.

ताट तिसऱ्या माणसापाशी थांबलं. तो अनुप, ट्रॅक्टरच्या शोरूमचा मालक, पस्तिशीचा. त्यानं घड्याळ उचललं, तळहातावर जोखलं, काचेवर नख वाजवलं.

"आजकाल कॉप्या भल्ल्या निघून राहिल्या हो," तो सगळ्यांना म्हणाला. मग देवानंदला. "बिल आणलं काय, सर?"

खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे सभ्य होते, आणि सभ्य माणसं खाली पाहतात. खुशालराव मध्ये पडले आणि त्यांनी आणखी वाट लावली. सर, मनाला लावून घेऊ नका, म्हणाले, ग्रुपच्या भल्यासाठीच आहे, उद्या तुम्हीच कोणाला विकायला काढलं तर. देवानंदनं विचारलं, हा नियम कधीपासूनचा. खुशालराव म्हणाले, नियम असा नाही. मग कोपऱ्याकडे वळले.

"भगवंता, खोल रे सरांच्या घड्याळाचं झाकण. सरांचंच समाधान होऊन जाईल."

सरांचं समाधान. ज्याच्या घरात जेवायचं त्याच्यावर रागवता येत नाही, हे खुशालरावांना पक्कं ठाऊक होतं. भगवंत उठला. त्याच्या हातात झाकण उघडायची चावी होती. तो देवानंदकडे पाहत उभा राहिला, पुढं आला नाही.

खुशीनं बापाच्या दंडाला हात लावला आणि हळूच म्हणाली, "पप्पा, बँकेचा मेसेज हाये ना मोबाइलमध्ये. नागपूरच्या दुकानाचं नाव हाये त्यात. दाखवा अन् तोंड बंद करा त्याचं."

खरंच होतं की. रात्रभर बिलासाठी तळमळलेल्या माणसाला बँकेचा मेसेज आठवला नव्हता. देवानंदनं मोबाइल काढला. डिसेंबरपर्यंत मागं गेला. मेसेज सापडला. रक्कम, तारीख, शोरूमचं नाव. अंगठा त्यावर टेकलेला होता. हात पुढं करायचा, बस. अनुप 'सॉरी सर' म्हणाला असता, ताट फिरलं असतं, रोडगे मिळाले असते. आणि पुढच्या खेपेला कोणीतरी आणखी काही मागितलं असतं.

त्यानं मोबाइल खिशात ठेवला.

"नाई," तो म्हणाला.

"नाई म्हणजे?" अनुपनं विचारलं.

"नाई म्हणजे नाई दाखवत. डॉक्टरसाहेबाले मागतलं का तुमी? या भाऊले मागतलं? त्याचं तं वापरलेलं हाये." देवानंदचा आवाज चढला नव्हता, वर्गात मागच्या बाकावरच्यांना ऐकू जावा तेवढाच होता. "माही शाळा पडताळली, माही जात पडताळली, नोकरी लागली तवा पडताळली, बढतीच्या टायमाले पुन्हा पडताळली. ते सरकारचं काम होतं, केलं. हे घड्याळ माह्यं हाये. याची पडताळणी मी कोणाजवळ करत नाई."

त्यानं अनुपच्या हातातून घड्याळ घेतलं. ओढलं नाही, घेतलं. मनगटावर बांधलं. अनुप हसून म्हणाला की समजलं, समजलं आम्हाला काय ते. देवानंदला माहीत होतं की हे असंच होणार. या पंधरा माणसांसाठी त्याच्या हातातलं घड्याळ आजपासून कायमचं नकली होतं. खिशातल्या एका मेसेजानं ते खरं झालं असतं. तरी पायऱ्या उतरताना त्याचा श्वास मोकळा चालत होता. खुशी मात्र मागच्या अंगणाकडे पाहत होती.

गाडी सुरू करतो तोच खिडकीवर टकटक झाली. भगवंत, हातात अवजारांची पेटी.

"सर, जठारपेठेपर्यंत सोडता काय? मी निघालो."

टॉवर चौकात भगवंतनं तोंड उघडलं. बोलला ते समोर पाहत. "तुमी हो म्हटलं असतं तं मले खोला लागलं असतं. खुशालरावचं काम नाई म्हणता येत नाई मले, अर्धा धंदा त्यायच्या ओळखीचा. बरं झालं तुमी नाई म्हटलं."

एवढंच. मोठेपणा नाही, की मी तुमच्या बाजूचा वगैरे नाही. देवानंदला तो माणूस तिथंच आवडला.

दुकान म्हणजे जिन्याखालची सहा बाय पाचची जागा. भगवंतनं शटर अर्धं उघडलं, खुशीला स्टूल दिलं, समोरून चहा सांगितला. भिंतीवर शंभरेक घड्याळं लटकली होती आणि प्रत्येक वेगळाच टाइम दाखवत होतं. खुशी हसली. भगवंत म्हणाला, "हे सगळे पेशंट हायेत पोरी. बरे झालेले घरी जातात." चहा झाला. भगवंत देवानंदच्या घड्याळाकडं बघत नव्हता, मुद्दाम बघत नव्हता. लाडूच्या डब्याशेजारी बसवलेलं पोरगं नजर चुकवतं तसं.

देवानंदनं घड्याळ काढून त्याच्यापुढं ठेवलं. "खोलता काय?"

भगवंतचा हात थांबला. "काहून? खात्री करायची हाये?"

सिग्नलवरची शंका अजून होती, आत कुठंतरी बसून होती. खोटं कशाला बोला. पण ती एकटी नव्हती. "पाहाचं हाये," देवानंद म्हणाला. "सहा वर्ष पैसे जमवले, अन् आतून कसं दिसते ते मीबी नाई पाह्यलं."

"कंपनीची वॉरंटी जाईन."

"जाऊ द्या."

मग भगवंतनं जे केलं ते खुशी पुढं कितीतरी दिवस मैत्रिणींना सांगत होती. तो उठला, समोरच्या नळावर साबणानं दोन्ही हात धुऊन आला. टेबलावर कोरा पांढरा कागद अंथरला. पंखा बंद केला. डोळ्याला भिंग लावलं, झाकणाच्या खाचांत चावी बसवली आणि श्वास रोखून फिरवली. झाकण सुटलं. त्यानं ते उपडं ठेवलं आणि आत पाहिलं.

आणि पाहतच राहिला. रस्त्यावरून दोन ऑटो गेले, भाजीवाली ओरडत गेली. देवानंदला दहावीचा बाक दिसला. त्याला वाटलं आता हा माणूस डोक्यावर भिंग सरकवील, दया आल्यासारखं पाहील आणि म्हणेल, बरं बरं.

भगवंतनं भिंग काढलं आणि खुशीच्या हातात दिलं. "तू पाह्य पोरी आधी. तुह्ये डोळे चांगले."

खुशीनं भिंग डोळ्यात अडकवायचा दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा जमलं. वाकली. आधी तिला काहीच कळलं नाही, नुसती चमक. मग चमकेत एक चाक दिसलं, केसाएवढ्या बारीक गुंडाळीवर इकडून तिकडे, तिकडून इकडे, झोपलेल्या लेकराच्या पोटासारखं भरणारं-सुटणारं. भोवती डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल खडे, दाण्याच्या शंभराव्या हिश्शाएवढे. पितळेवर नांगरटीसारख्या सरळ रेघा, एकीला एक लागून.

"हे पट्टीवाणी दिसून राहिलं ते पाह्य," भगवंत तिच्या कानाशी म्हणाला. "त्याची कड पाह्य. दिसली?"

"गोल हाये. चमकते."

"हातानं घासली ते. तिचं काई काम नाई. नाई घासली असती तरी घड्याळ असंच चाललं असतं. वरून पोलादाचं झाकण, कोणाले दिसाची नाई. दहा-बारा वर्षांनं माह्यासारखा कोणी खोलन तवाच दिसन, अन् त्यानंबी पाह्यलं तं पाह्यलं. तरी घासली." तो थांबला. "ज्यानं घासली ना, त्याच्या मांगं कोणी उभं नसन."

"काका, म्हणजे हे ओरिजि—" खुशी बोलता बोलता थांबली. भिंग तसंच डोळ्याला. उरलेला शब्द तिनं गिळला.

भगवंतनं ऐकलं नाही असं केलं. देवानंदची पाळी आली. तो बराच वेळ वाकून राहिला. एकवीस वर्षं त्यानं हीच चाकं फळ्यावर खडूनं काढली होती. डोळ्यांत पाणी आलं आणि भिंग धूसर झालं, तर त्यानं ते शर्टाला पुसलं. भगवंत ओरडला, की शर्टानं नाही, चरे पडतील, फडकं आहे ना बाजूला.

झाकण बसवताना देवानंदनं विचारलं, की भगवंतभाऊ, खरं सांगा, एवढे पैसे घालाचं काम होतं काय. भगवंत म्हणाला, "टाइमासाठी? अजिबात नाई. टाइम तं माह्या या पेशंटातलं कोणतंबी सांगन, बरं झाल्यावर. तुमच्या एचएमटीतबी खोट नाई, तिच्यासारखी गाय नाई." मग घड्याळ फडक्यानं पुसत म्हणाला, "पण चाळीस वर्षांत म्या असं एकबी खोललं नव्हतं. तुमी घेतलं नसतं तं मरेपर्यंत नसतं पाह्यलं. आता याचा हिशेब तुमीच लावा, तुमी शिकवता."

घड्याळ बंद पडलेलं नव्हतं, पण खोलताना कडेचं बटण ओढलं जाऊन काटा हलला होता. टाइम लावायचा होता. भगवंतनं किती वाजले म्हणून विचारलं. भिंतीवरच्या शंभर घड्याळांचा काही उपयोग नव्हता. खुशीनं मोबाइल पाहिला, दीड वाजून चार मिनिटं, आणि एक लाख बासष्ट हजारांचं घड्याळ तिच्या मोबाइलवरून लावलं गेलं. तिघंही हसले. पैसे घ्यायला भगवंत तयार होईना. पुढच्या वेळी तुमच्या एचएमट्या आणा, म्हणाला, चौघी घेऊन या.

निघताना खुशीनं हात पुढं केला. "अमरावतीपर्यंत मी घालते." पट्टा तिच्या मनगटाला ढिला होत होता. तिनं तो कोपराकडे सरकवला.

बोरगाव मंजू गेल्यावर तिनं सांगितलं, की आतला फोटो काढलाय, एकदम भारी आलाय. ग्रुपवर टाकू? देवानंदनं गाडी हळू केली. एक फोटो. अनुपचं तोंड बंद, खुशालरावांचा फोन, सर गैरसमज झाला. त्याला तो फोन ऐकूसुद्धा आला. मोह कमी नव्हता.

"तुह्या मायले पाठव," तो म्हणाला.

दोन मिनिटांत गीतांजलीचं उत्तर आलं: छान दिसते. जेवलात का?

मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याकडेच्या हॉटेलात त्यांनी आलूबोंडे सांगितले. टेबल एका पायानं लुळं होतं, कोपर टेकलं की डुगडुगायचं. हॉटेलवाली बाई बशा ठेवायला आली आणि तिची नजर पोरीच्या मनगटावर गेली.

"असली हाये का व हे?"

देवानंदचा हात सवयीनं मागच्या खिशाकडं गेला. पाकिटापर्यंत पोचलासुद्धा. खुशीनं तोवर मनगट बाईच्या कानाला लावलं होतं. "ऐका ना मावशी."

बाईनं हातातला झारा खाली केला. डोळे मिटले. हमरस्त्यावरून ट्रक गेला, तिनं हातानंच त्याला गप्प राहायची खूण केली.

"मुंगी चालल्यावाणी वाजून राहिलं," ती म्हणाली. मग विचारलं, केवढ्याचं. देवानंदनं सांगितलं. ती म्हणाली, बाप्पा, एवढ्यात तं दोन म्हशी येतात. देवानंद म्हणाला, येतात. तिला ते पटलं आणि ती कढईकडे गेली.

देवानंदनं पाकिटातून काळा चकचकीत तुकडा काढला. फाडायला गेला तर फाटेना, प्लास्टिक चांगलं होतं. मग त्यानं तो दोनदा दुमडला, वाकला आणि टेबलाच्या लुळ्या पायाखाली घातला. खुशीनं कोपर टेकून पाहिलं. टेबल हललं नाही. तिनं बापाच्या बशीतला दुसरा आलूबोंडा उचलला आणि खायला लागली.